शहाऐंशीव्या मजल्यावर आप्पा हरवले

गेल्या महिन्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. आईवडिलांना घेऊन न्यू यॉर्कला निघाली आहे. "बाई, तुम्ही गेला होता ना एम्पायर स्टेट बिल्डिंगवर? म्हाताऱ्या माणसांना झेपेल का?" मी म्हटलं, झेपेल, लिफ्ट आहे. एवढं सांगून फोन ठेवला आणि मग दिवसभर स्वतःवरच चिडचिड झाली, कारण सांगायची गोष्ट ती नव्हतीच. म्हणून आता सगळं नीट लिहिते आहे. तिच्यासाठी आणि तुमच्यापैकी जे कुणी वडिलांना घेऊन उंचावर चढणार असाल त्यांच्यासाठी.

१९८६ साल. मी निपाणीच्या एका शाळेत गणित शिकवत होते. माझे वडील, आप्पा, उभी हयात तंबाखूच्या वखारीत हमाली करून थकलेले. थोरला भाऊ मिलिंद, त्याला मी अण्णा म्हणते. शिष्यवृत्त्यांवर शिकला, इंजिनियर झाला आणि अमेरिकेत गेला. त्याच्या दोन वर्षं आधी आई वारली तेव्हा त्याला वेळेवर पोचता आलं नाही. तो आला तो चौथ्या दिवशी. त्यानंतर घरात आप्पा आणि मी दोघंच. अण्णाची पत्रं वाढली आणि एका पत्रातून दोन तिकिटं आली.

निघणं म्हणजे आजच्यासारखं बोटानं बटण दाबणं नव्हतं. पासपोर्टसाठी बेळगावच्या चार खेपा झाल्या, व्हिसासाठी मद्रासची वारी झाली. आप्पांची जन्मतारीख आप्पांनाच ठाऊक नव्हती, ती शेवटी एका कारकुनानं ठरवली. शाळेनं महिनाभराची बिनपगारी रजा दिली. बॅगेत पाच किलो जोंधळ्याचं पीठ घेतलं आणि निपाणी ते कोल्हापूर, कोल्हापूर ते मुंबई असं एस.टी.नं हाडं खिळखिळी करून घेत विमानतळ गाठला. विमानात आप्पांनी पट्टा एकदा बांधला तो उतरेपर्यंत सोडला नाही.

अण्णा नदीपलीकडे जर्सी सिटीत एकटा राहायचा. दोन खोल्या. एका खोलीत आप्पांसाठी नवी कॉट, नवं ब्लँकेट आणि दाराशी नव्या सपाता. ते बघूनच मला शंका आली. महिनाभराच्या पाहुण्यासाठी कुणी इतकं करत नाही.

आणि तसंच निघालं. तिसऱ्या आठवड्यात अण्णानं कागद काढले. आप्पांचा मुक्काम वाढवायचा अर्ज होता. आधी सहा महिने, मग पुढचं बघता येईल म्हणाला. अर्ज सोमवारी टपालात पडायला हवा होता. माझं परतीचं विमान गुरुवारी. आप्पांनी माझ्याबरोबर निपाणीला यायचं की अण्णाकडे राहायचं, याचा निकाल रविवारपर्यंत लागणार होता.

"आप्पा, तुमीच सांगा," अण्णा म्हणाला.

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी भाकरी थापत होते. माझी खात्री होती की आप्पा नाही म्हणणार. त्यांना काय हवं, काय नको, ते माझ्याइतकं कुणाला कळतं? त्यांचा चहा, त्यांची मिश्रीची डबी, गुडघ्याला लावायचं तेल, सगळं मी बघत आले होते. अण्णाला त्यातलं काय माहीत होतं?

"ती लई उंच इमारत हाय म्हणतोस न्हवं, ती दाव आदी," आप्पा म्हणाले. "वरनं खाली आलो की सांगतो."

म्हणजे रविवारी इमारत आणि रविवारीच निकाल. शनिवारपासून घरात आम्ही तिघं एकमेकांशी फार जपून बोलत होतो.

रविवारी सकाळी डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन निघालो. जर्सी सिटीहून नदीखालून जाणारी गाडी धरायची आणि तेहतिसाव्या रस्त्याला उतरायचं. तिथून इमारत चालत पाच-सात मिनिटांवर. जवळ गेलं की ती दिसतच नाही, नुसती भिंत वर गेलेली दिसते. तिकिटाची खिडकी तेव्हा तळघरात होती आणि तिकीट तीनेक डॉलर. मी ते मनात रुपयांत मांडलं. आता सगळं घरबसल्या आरक्षित होतं म्हणे. तसंच करा, आणि सकाळी लवकरची वेळ घ्या. रविवारी दुपारी तर मुळीच जाऊ नका. आम्ही नेमकं तेच केलं.

एक महत्त्वाची गोष्ट, जी आम्हाला आधी कुणी सांगितली नव्हती. तेव्हा एकाच लिफ्टनं गच्चीपर्यंत जाता येत नव्हतं. पहिली लिफ्ट ऐंशीव्या मजल्यावर सोडायची. तिथं उतरून बोळातून वळायचं, पुन्हा रांगेत उभं राहायचं आणि दुसऱ्या लिफ्टनं शहाऐंशीव्या मजल्यावर पोचायचं. येतानाही तसंच. पहिल्या लिफ्टमध्ये एका मिनिटात आमच्या कानांत दडे बसले. आप्पांनी दोन्ही हातांनी कान झाकले.

"गिळा, आप्पा. थुंकी गिळा," अण्णा म्हणाला.

"काय म्हणतोस, ऐकू यीना," आप्पा म्हणाले, आणि लिफ्टमधली चार परकी माणसं त्यांच्या आवाजानं दचकली.

वरची गच्ची इमारतीच्या चारी बाजूंनी फिरते. छातीच्या वर येणारी भिंत आणि तिच्यावर आत वळलेली लोखंडी जाळी. ऑक्टोबरचं ऊन होतं, पण वारा असा की डोळ्यांतून पाणी यावं. स्वेटर, कानपट्टी, रुमाल, सगळं न्या. खाली रस्ते पट्टीनं आखल्यासारखे सरळ होते आणि त्यांच्यावर पिवळ्या टॅक्स्या सरकत होत्या. दोन्ही अंगांना नदी, आणि दूर दक्षिणेला समुद्र. मला वाटलं होतं मी हरखून जाईन. पण माझं सगळं लक्ष आप्पांच्या चेहऱ्याकडं होतं. खाली गेल्यावर हे काय सांगणार?

आप्पांनी जाळीला हात लावला आणि विचारलं, "आपली निपाणी कुठल्या अंगाला आली रं?"

अण्णानं लगेच हात करून दाखवलं. जराही विचार न करता. मला ते आवडलं नाही. हा इथं येऊन आधी कितीदा तिकडं तोंड करून उभा राहिला असेल, हे तेव्हा माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

तिथं नाणं टाकून बघायच्या दुर्बिणी होत्या. अण्णानं मला पाव डॉलरचं नाणं दिलं. "तू बघ, मी आप्पांना कॉफी आणतो," असं म्हणून तो आतल्या दुकानाकडं गेला. मी दुर्बिणीला डोळा लावला. आप्पा माझ्या उजव्या हाताला होते. तेवढ्यात एका शाळेची पोरं दाराबाहेर आली, चाळीसेक तरी असतील. ती सरळ आमच्यामधून घुसली. खटकन दुर्बिणीचा पडदा पडला, मी मान वर केली तर आप्पा नव्हते.

आधी हसूच आलं. गच्चीवरून माणूस जाणार कुठं? एक फेरी मारली. दुसरी फेरी पळत मारली. आतल्या दुकानात गेले, स्वच्छतागृहापाशी गेले. अण्णा कॉफीचे पेले घेऊन उभा होता. माझं तोंड बघून त्यानं पेले तिथंच खिडकीवर ठेवले.

"आप्पा कुठं हाईत?" त्यानं विचारलं.

"तुज्याकडं आलं न्हाईत?"

आप्पांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. खिशात पत्ता नव्हता, तो माझ्या पर्समध्ये होता. अण्णाचा फोन नंबर त्यांना पाठ नव्हता. पासपोर्ट घरी. धोतर आणि त्यावर अण्णाचा जुना ओव्हरकोट, एवढीच काय ती ओळख. एवढ्या मोठ्या शहरात ते एकदा दाराबाहेर पडले तर आम्हाला कसे सापडणार होते?

आमच्या घरात, म्हणजे आई आणि माझ्यात, एक ठरलेलं होतं. गर्दीत चुकामूक झाली की सरळ घराची वाट धरायची. निपाणी केवढीशी, कुठूनही चालत घर येतं. मला तेवढंच सुचलं. आप्पा घराकडं निघाले असणार, म्हणजे खाली रस्त्यावर.

"मी खाली जाते," मी म्हणाले.

"थांब जरा, सुजे," अण्णा म्हणाला. "ईचार करू दे मला."

"तू कर ईचार. मला ठावं हाय त्यांचं." हे मी खरोखर असंच म्हणाले, आणि लिफ्टमध्ये घुसले. ऐंशीव्या मजल्यावर दार उघडल्याबरोबर गर्दीत मुसंडी मारून दुसऱ्या रांगेत गेले. शिस्तीनं उभ्या असलेल्या गोऱ्या बायकांच्या पुढं निर्लज्जपणे शिरले आणि खाली आले.

खालच्या दालनात संगमरवरी जमीन, आणि रस्त्याकडं उघडणारी एक नाही, कितीतरी दारं. एका दारावर उभी राहिले की वाटायचं, दुसऱ्यातून गेले असतील. रस्त्यावर डोकावले की वाटायचं, आत असतील. एका पहारेकऱ्याला सांगायला गेले तर माझं शाळेतलं इंग्रजी घशातच अडकलं. "माय फादर," एवढंच पुन्हा पुन्हा. तो भला माणूस होता. मला खुर्चीवर बसवलं आणि कुठंतरी फोन लावला. घड्याळाकडं बघत मी पाऊण तास काढला. तेवढ्या वेळात मी आप्पांना मनात तीन वेळा मारलं आणि तीन वेळा अण्णाला शिव्या घातल्या. तुला कशाला हवी होती ही हौस? नेऊ दे मला माझ्या बापाला घरी.

मग लिफ्टचं दार उघडलं आणि दोघं बाहेर आले. आप्पा पुढं, अण्णा मागं. आप्पांनी अण्णाची बाही धरली होती. अण्णाचे डोळे लाल होते. मी उठून गेले आणि आप्पांच्या छातीवर डोकं टेकलं. ओव्हरकोटाला अण्णाच्या कपाटाचा वास येत होता.

जवळच्या एका साध्या हॉटेलात कॉफी मागवून आम्ही डबा उघडला. ते चालत नाही म्हणे, पण कुणी हटकलं नाही. तिथं मला सगळं कळलं. त्या पोरांच्या लोंढ्यानं आप्पा दारातून आत ढकलले गेले. आत एक घोळका उतरायच्या लिफ्टमध्ये शिरत होता, त्याच्याबरोबर तेही शिरले. ऐंशीव्या मजल्यावर सगळे उतरले म्हणून उतरले आणि मग लक्षात आलं की आपण एकटे आहोत.

"मग तुमी काय केलं?"

"काय करनार? हुभा ऱ्हायलो."

"तिथंच?"

"जिथं उतारलो तिथंच. दाराच्या कडंला."

अण्णा म्हणाला, "हमालांचा कायदा हाय त्यो. वखारीची गाडी माल घेऊन बाजाराला जायची न्हवं, तवाचा. गाडीतनं उतारला आन् चुकला, तर जिथं उतारला तिथंच जाऊन हुभं ऱ्हायचं. गाडी फिरून न्ह्यायला येती. हुडकायला दोघंबी निघालं की दोघंबी चुकत्यात."

"ह्यो संकेश्वरच्या बाजारात चुकलाता," आप्पा म्हणाले. "धा वर्साचा असंल. दिस कलला तरी हालला न्हाई जाग्यावरनं. मी गेलो तर हुभा, मुतायलाबी गेला न्हवता."

दोघं हसायला लागले. मी भाकरीचा तुकडा मोडत राहिले. बाजाराला आप्पा अण्णाला न्यायचे. मी मुलगी, मी आईजवळ घरी. तो कायदा माझ्यापर्यंत आलाच नव्हता. अण्णानं वर फक्त एवढाच विचार केला होता, की आप्पा लिफ्टमध्ये शिरले असतील तर पहिल्यांदा कुठं उतरतील. आणि सरळ तिथं जाऊन आप्पांच्या शेजारी उभा राहिला होता.

"तू बी आलतीस की तिथं," आप्पा मला म्हणाले. "माज्याम्होरनं गेलीस. मी सुजे म्हणून हाक मारली. लई घाईत हुतीस."

मी त्यांच्यापासून चार हातांवरून गेले होते.

कॉफी संपल्यावर आप्पांनी पेला बाजूला सारला. "मी ऱ्हातो हितं," ते म्हणाले. "येकटा हाय त्यो. माझ्याजवळ आला तवा लहान पोरावानी रडला. आईचं नाव घिऊन रडला." मग माझ्याकडं वळले. "तुजं काय म्हननं हाय?"

अण्णा टेबलाकडं बघत होता. मला खूप काही म्हणायचं होतं. "बरं," मी म्हणाले.

गुरुवारी मी एकटी विमानात बसले. रात्रभर उत्तरं जुळवत होते, कारण निपाणीत विचारणारे कमी नव्हते. तिथली हवा मानवली म्हणावं, की गुडघ्याला तिथं औषध मिळतं म्हणावं, की कागदपत्रांचं काम आहे म्हणावं? कोल्हापूरच्या एस.टी.तून उतरले, बॅगा घेऊन गल्लीत आले. घराची किल्ली शेजारच्या शेवंताआक्कांकडं होती. त्यांनी आधी माझ्या पाठीमागं बघितलं.

"आप्पा कुठं दिसंनात?"

जुळवलेलं सगळं विसरले. "अण्णाला पायजे हुते, आक्का."

त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली, पण सोडली नाही. "आन् तुला न्हाईत व्हय गं?"

"मलाबी पायजेत," मी म्हणाले. हे मी त्या हॉटेलात म्हणायला हवं होतं, आप्पांनी विचारलं तेव्हा.