भैरूच्या काठीवरची खूण

आमचा भैरू कुठंही पहिल्यांदा जायचं असलं की दोनदा जातो. एकदा बघायला आणि एकदा जायला. माझा धाकटा पोरगा आहे म्हणून सांगत नाही, निमोण्यात कुणालाही विचारा. रांजणगावच्या कंपनीत सोमवारी हजर व्हायचं होतं, तर हा रविवारीच सायकल काढून गेला. गेटाबाहेरच्या टपरीवर बसून सगळी माहिती काढली. पाण्याचा नळ कुठं, डबा खायला सावली कुठं, सुपरवायझर तापट आहे का थंड. सोमवारी कामावर गेला तो दहा वर्षं काम केल्यासारखा.

लग्नाचं तर विचारूच नका. कवठे येमाईला मुलगी बघायला जायचं ठरलं, तर हा आदल्या दिवशी एकटाच तिकडं. मेंढा विकत घ्यायचाय असं सांगून थेट मुलीच्याच दारात. बापानं चहा पाजला, मेंढा दाखवला. ह्यानं मेंढ्याचे दात मोजले आणि पाणी घेऊन आलेली पोरगी बघून घेतली. दुसऱ्या दिवशी आम्ही फेटे बांधून सात-आठजण गेलो, तर तो माणूस दारातच म्हणतो, "पाव्हणं, एक मेंढा न्यायला एवढी माणसं कशाला आणली?" ती पोरगी म्हणजे आमची सून अनिता. अजून भांडण झालं की म्हणते, "तवा मेंढाच न्यायचा व्हता!"

ही खोड त्याला माझ्यामुळं लागली. आम्ही मेंढरं घेऊन कोकणात उतरायचो तेव्हा मुक्काम हलवायच्या आदल्या दिवशी एकानं पुढं जाऊन वाट बघून यायची रीत होती. पाणी आहे का, चारा किती, गावचा माणूस गोड आहे का कडू. ते काम माझ्याकडं. एकदा मला आला कंटाळा. झाडाखाली झोपलो आणि परत येऊन ठोकून दिलं, ओढ्याला पाणी मस्त आहे म्हणून. दुसऱ्या दिवशी कळप नेला तर ओढ्यात नुसते गोटे. आठ वर्षांचा भैरू एक तहानलेलं कोकरू खांद्यावर घेऊन दोन कोस चालला. ते कोकरू सारखं त्याच्या कानातच ओरडायचं. त्या दिवसापासून माझं नुसतं सांगणं त्यानं कधी खरं धरलं नाही. पुढं चाऱ्याची रानं उसाखाली गेली, आम्ही मेंढरं विकून कांदा लावला, पण पोराची खोड गेली नाही.

तर दोन हजार तीनची दिवाळी. माझी थोरली लेक गिताबाई राहू गावात दिली आहे, ती भाऊबीजेला आली. संगं दोघी पोरी. सोनम दहा वर्षांची, जिभेला धार. प्रगती साडेसात वर्षांची, अंगानं चिमणी. सोनमनं दप्तरातून वर्तमानपत्राचा एक तुकडा काढला, घडीवर फाटायला आलेला. त्यावर लाल रंगाची गाडी, रूळ आकाशात वळून उलटे खाली आलेले आणि गाडीत माणसं डोकं खाली करून हसत बसलेली. मुंबईच्या वाटेवर घाटाखाली असलं पार्क झालं होतं.

"मामा, हितं न्यायचं. आमच्या वर्गातल्या दोघी जाऊन आल्यात."

"आन् मला बी लाल गाडीत बसायचंय," प्रगती म्हणाली.

भैरूनं तो तुकडा उजेडात धरून नीट बघितला. "नेतो. पर आधी मी बघून येतो."

अनिता म्हणाली, "घ्या! आता तिथं कुणाचा मेंढा बघणार?"

दुसऱ्या दिवशी पहाटे काठी घेऊन गडी निघाला. न्हावऱ्यावरून पुणं, पुण्यातून दुसरी यष्टी. तिथं काय झालं ते त्यानं मला इतक्या वेळा सांगितलंय की मीच जाऊन आल्यासारखं झालंय. गेटावर बिहारकडचा वॉचमन. तो म्हणाला, "अकेला आदमी अलाऊ नहीं है."

भैरू म्हणाला, "मेरे को झूला नहीं खेलने का. पानी किधर है, सावली किधर है, वो देखने का."

"फॅमिली लेके आओ."

"अरे, फॅमिली लाने के वास्तेच तो देखने आया ना!"

वॉचमन काही ऐकेना. दुसरा कुणी असता तर परत फिरला असता. हा गेटासमोर दगडावर बसला आणि बाहेर येणाऱ्या एकेका कुटुंबाला गाठायला लागला. नळ किती आहेत हो? बायकांची सोय स्वच्छ आहे का? पोरगं चुकलं तर कुठं आणून बसवतात? एका गुजराती बाईनं तर सगळी चौकशी ऐकून घेतली आणि विचारलं, "भाऊ, तुम्ही पार्क विकत घेताय का?" दुपारपर्यंत वॉचमनलाही गंमत वाटायला लागली. त्यानं गावाकडं बकऱ्या चारलेल्या निघाल्या. मग काय, दोघांच्या चार-पाच तास गप्पा. त्या वॉचमननं एक मुद्द्याची गोष्ट सांगितली. गेटाच्या आत साखळीपलीकडं लाकडी अस्वल उभं होतं, एक हात आडवा पसरलेलं. जे पोरगं त्या हाताखालून न वाकता जातं, त्याला लाल गाडीत घेत नाहीत. भैरूनं साखळीच्या अलीकडं काठी टेकवली, एक डोळा मिटून अस्वलाच्या हाताशी नजर जुळवली आणि चाकूनं काठीवर खूण पाडली.

घरी आल्याआल्या गोठ्यापुढं दोघींना उभं केलं. सोनम खुणेच्या चांगली वर. प्रगती तीन बोटं कमी.

प्रगतीनं टाचा उचलल्या. भैरूनं हळूच तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली आणलं.

"मग मला एकटीला ने," सोनम म्हणाली. "ही पुढल्या साली येईल."

गिताबाई उसळली. "नेलं तर दोघींला, न्हाईतर कुणालाच न्हाई. मागं राहिलेलीचं रडगाणं वरीसभर मला ऐकावं लागतंय."

भैरूचं मतही तेच. कळपाची चाल बारक्या कोकराच्या पायावर ठरते, हे त्याला मी शिकवलेलं. ठरलं मग, मे महिन्यात जायचं. त्यापुढं लांबवता येत नव्हतं, कारण जूनपासून सोनम दौंडला वसतिगृहात राहून शिकणार होती, मग दोघी एकत्र सापडायच्या कधी? म्हणजे सहा महिन्यांत प्रगतीनं तीन बोटं वाढायचं. त्यानं खुणेएवढी एक दोरी कापून तिच्याजवळ दिली.

मी एवढ्या जत्रा बघितल्या, पैलवान तयार होताना बघितले, पण असली मेहनत बघितली नाही. पोरगी दूध प्यायला लागली, जे आधी बघूनच पळायची. शाळेतून आली की लिंबाच्या फांदीला लोंबकळायची. एकदा मी राहूला गेलो तर सकाळी अंगणात उभी, आणि तांब्यातलं पाणी सावकाश स्वतःच्या पायांवर ओततेय.

"काय गं, हे काय?"

"आबा, उसाला बुडाशी पाणी देत्यात न्हवं? तवाच तो वाढतो."

जावई साहेबराव खुरपं घेऊन रानात निघाले होते. ते म्हणाले, "पाण्यापत्तूर ठीक हाय. आता खताची गोणी फोडू नगस म्हंजी झालं."

सोनम आधी तिची टिंगल करायची, पण नंतर तीही कामाला लागली, कारण हिच्यावर तिचंही जाणं अडलेलं. संक्रांतीला भैरू गेला तेव्हा सोनमनं बारकीचे केस डोक्याच्या मधोमध असे बांधून ठेवलेले की उभं कणीसच. भैरूनं हातानं ते कणीस दाबून सपाट केलं. "केसाला अस्वल मोजत न्हाई." पुढच्या खेपेला प्रगतीच्या चपलेत पुठ्ठ्याचे तीन थर निघाले. त्यानं ते काढले आणि रागावलाही नाही. नुसतं म्हणाला, "वाट बघायला गेल्यालं माणूस खोटं बोललं तर कळप तहानंनं मरतो, बाय." आणि माझ्याकडं बघितलं. मी तंबाखू मळत दुसरीकडं बघितलं.

मार्चमध्ये शेजाऱ्यांच्या फोनवरून निरोप आला, दीड बोट राहिलं. भैरू त्या दिवशी कंपनीतून पेढे घेऊन आला. अनिता म्हणाली, "माझ्या बारशाला बी एवढं पेढं वाटलं नसतील."

इकडं घरात तयारी अशी की लग्नाचा बार उडवायचाय. भैरूनं कॅलेंडरच्या पाठीमागं पार्कचा नकाशा काढलेला, न बघितलेल्या जागेचा, लोकांच्या तोंडच्या माहितीवर. नळाच्या जागी निळे ठिपके. चुकामूक झाली तर जमायचं ठिकाण म्हणून मोठी फुली. आम्हाला तो रोज पाठ म्हणायला लावायचा. मलाही. अडुसष्टाव्या वर्षी मी चौथीत असल्यासारखा उत्तरं द्यायचो, आणि चुकलो की पोराच्या शिव्या खायचो.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात पोरी निमोण्याला आल्या. दुसऱ्या दिवशी निघायचं. धपाटे झाले, शेंगदाण्याची चटणी झाली. आणि गोठ्यापुढं शेवटचं माप झालं.

एक बोट कमी.

भैरूनं दोनदा मोजलं. सोनमनं मोजलं. अनितानं तिचा भांग पाडून पुन्हा मोजलं. एक बोट ते एक बोटच. प्रगती रडली नाही. उरलेली पाच मेंढरं होती, त्यांच्यात जाऊन बसली, आणि एका कोकराचे कान चोळत राहिली. भैरू तिच्याजवळ उकिडवा बसला.

"हे बघ बाय. आपुन जायचंच. लाल गाडी सोडून बाकीचं पंधरा पाळणं हायती. सोनम लाल गाडीत बसंल, तवा मी तुझ्यासंगं खाली थांबीन."

"आन् ताईसंगं कोण?"

भैरूनं इकडं तिकडं बघितलं. "आबा बसतील."

मी म्हणालो, "व्हय, बसतो की." त्या गाडीत माणसं उलटी टांगतात हे मला त्या चित्रातूनच ठाऊक होतं. प्रगती मात्र तेवढ्यात हसली. "आबा, फेटा घट्ट बांधा. मी खालनं हात करीन."

पहाटेची यष्टी धरली आणि दहा-साडेदहाला आम्ही चौघं गेटावर. तोच वॉचमन. भैरूला बघून ओरडला, "अरे, आ गये! फॅमिली लाये?" भैरूनं छाती काढून आम्हा सगळ्यांकडं हात केला, जणू शंभर मेंढरं मागं उभी आहेत. काठी वॉचमननं ठेवून घेतली. साखळी उघडली.

प्रगती अस्वलासमोर आली आणि बाजूनं जायला लागली.

"ए गुड़िया, इधर से," वॉचमन म्हणाला. "ऊपर चढ़ के."

तेव्हा आम्हाला दिसलं. अस्वल सिमेंटच्या ओट्यावर उभं होतं, आणि पोरांनीही त्या ओट्यावर चढूनच त्याच्या हाताखालून जायचं होतं. प्रगती ओट्यावर चढली. डोळे गच्च मिटले. एक पाऊल टाकलं, आणि अस्वलाचा हात तिच्या कपाळाला आपटला.

"बड़ी है," वॉचमन म्हणाला. "जाओ."

तिला कळेनाच. ती कपाळ चोळत तिथंच उभी. भैरू पळत गेला, वॉचमनकडून काठी आणली, आधी ओट्यावर टेकवली, मग खाली जमिनीवर टेकवली. चार बोटांचा फरक. त्यानं साखळीअलीकडून, खालच्या जमिनीवरून माप घेतलेलं, आणि ओटा त्यात धरलेलाच नव्हता.

सोनमनं बोटं मोजली. तिचा आवाज तर पार्कभर गेला असेल. "मामा! म्हंजी आपुन दिवाळीतच आलो असतो!"

भैरूचं तोंड एवढंसं झालं. सहा महिन्यांचं दूध, लिंबाची फांदी, पायांवरचं पाणी, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं असणार. मला हसू आवरेना, पण पोटच्या पोराला किती हसायचं, म्हणून फेट्याचं टोक तोंडात धरलं.

लाल गाडीत पुढं दोघी बहिणी बसल्या, मागं मी आणि भैरू. कबूल केलेलं, आता माघार कुठली? गाडी चढायला लागली तेव्हा भैरू म्हणाला, "आबा, हे मला बाहेरनं दिसलं नव्हतं." पुढचं मला नीट आठवत नाही. बिरोबाचं नाव दोघांनीही घेतलं, भैरूनं जास्त मोठ्यानं. पुढच्या डब्यात मात्र दोन वेण्या वाऱ्यावर ताठ उभ्या होत्या आणि दोन्ही पोरी खिदळत होत्या.

खाली उतरल्यावर भैरू बाकावर डोकं धरून बसला. चक्कर होती थोडी, पण जास्त ते मापच त्याला टोचत होतं. "वाट बघायला मी गेलो आन् मीच चुकलो," असं पुटपुटत होता. प्रगती त्याच्यापुढं येऊन उभी राहिली. वेण्या सुटलेल्या, कपाळावर अस्वलाच्या हाताचा लाल वळ.

"मामा, दिवाळीत आलो असतो तर मी भ्याले असते. तवा मी ल्हान व्हते."

भैरूनं वर बघितलं. "खरं?"

"खरं," ती म्हणाली, आणि त्याचा हात धरून त्याला पुन्हा त्या रांगेत ओढायला लागली. तो उठला. सोनम पळत पुढं गेली. मला कुणी विचारलं नाही, आणि देवाशपथ, बरंच झालं. मी धपाट्यांची पिशवी मांडीवर घेऊन सावलीत बसलो आणि दर फेरीला खालून हात करत राहिलो.