सील शाबूत होतं

निवृत्त झालो, गणवेश कपाटात गेला, पण त्या रविवारच्या सकाळची घटना काही मनातून जात नाही.

दवाखान्यातून ठाण्यात वर्दी आली: वाफेने भाजलेला इसम, वय अंदाजे पस्तीस. आमच्या हद्दीतल्या एका शाळेच्या मैदानावर छोटी वाफेची इंजिनं बनवणाऱ्या हौशी मंडळींचं प्रदर्शन होतं. इंजिन गुडघ्याएवढं, पण आत खरी आग, खरं पाणी, खरी वाफ. जखमी माणूस मूळचा चंद्रपूरकडचा, कारखान्यात फिटर, राहायला वारज्यात. त्याने फ्लॅटच्या बाल्कनीत दोन वर्षं खपून, चांदीच्या डाकाने सांधलेला तांब्याचा बॉयलर बनवला होता. लोकांना माहिती सांगत असताना पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी फुटली आणि वाफ त्याच्या उजव्या हातावर आणि गालावर आली.

एवढ्या लहान बॉयलरला सरकारी कायदा लागू होत नाही, म्हणून या हौशींच्या मंडळाने स्वतःचे नियम केले होते. बॉयलरमध्ये पाणी भरायचं, हातपंपाने नेहमीच्या दुप्पट दाब द्यायचा आणि अर्धा तास काटा हलतो का ते पाहायचं. पाण्याने चाचणी अशासाठी, की सांधा सुटलाच तर पाणी नुसतं गळतं, वाफेसारखं अंगावर येत नाही. मग सेफ्टी व्हॉल्व्ह ठरलेल्या दाबाला उघडतो याची खात्री करून त्याला शिशाचं सील ठोकायचं. हे काम गेली कित्येक वर्षं एकच गृहस्थ करत होते. एका कारखान्यातले निवृत्त फोरमन, राहणार कसबा पेठ. बोलणं मोजकं, शर्टाची इस्त्री कडक.

मी पंचनामा केला. व्हॉल्व्हचं सील शाबूत होतं, चाचणीचा दाखला व्यवस्थित होता. अपघात म्हणून कागद बंद करायचे, असं मी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मी बंदोबस्ताच्या बैठकीला गेलो असताना एक वृद्ध तांबट ठाण्यात आले. हौशी मंडळींना तांब्याचा पत्रा तेच पुरवत. आमच्या तरुण महिला उपनिरीक्षकाने त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं. ते म्हणाले, "अहो मॅडम, सील शाबूत आहे हेच तर विचित्र आहे. दाब एवढा चढला तर व्हॉल्व्ह उघडायला नको? आणि सील मारायची पक्कड गावात एकाच माणसाकडे आहे."

मी परत येईपर्यंत तिने मुद्देमालातला व्हॉल्व्ह तंत्रनिकेतनात नेऊन पंचांसमक्ष पंपावर तपासून घेतला होता. दाब दुपटीच्या वर गेला तरी तो उघडला नाही. स्प्रिंगचा नट शेवटपर्यंत आवळलेला होता. म्हणजे नट आधी आवळला आणि सील नंतर मारलं.

खरं सांगतो, तिचं कौतुक वाटायच्या आधी माझ्या पोटात दुखलं. तीस वर्षं मी तपास करत होतो आणि हे हिला सुचलं! "मला विचारल्याशिवाय मुद्देमाल हलवायचा नाही," एवढंच मी म्हणालो. "मी फोन केला होता, सर. आपण उचलला नाही," ती म्हणाली.

फोरमनना बोलावलं. चौकशी मीच करणार, असं जरा जोरातच जाहीर केलं. दोन तास ते एकच वाक्य बोलत होते, "मी नियमाप्रमाणे चाचणी केली." खोटं बोलणारा माणूस एका वाक्याला धरून बसतो, हा माझा अनुभव. त्यामुळे मी व्हॉल्व्हचा विषय सोडला आणि म्हणालो, "जाऊ द्या. बॉयलरच कच्चा होता म्हणायचा. बाल्कनीत बसून कुणी बॉयलर करतं का?"

"कच्चा?" ते ताडकन उभे राहिले. "दुप्पट दाबाला अर्धा तास काटा केसभर हलला नाही! असा चांदीचा सांधा मला आयुष्यात जमला नाही, साहेब!"

आणि मग ते हळूच खाली बसले आणि सगळं सांगू लागले.

त्या सकाळी शेवटच्या तपासणीसाठी इंजिन दहा मिनिटं त्यांच्या टेबलावर होतं. त्यांनी नट आवळून नवं सील मारलं. काटा लाल रेघेच्या पुढे गेला की सर्वांसमोर ओरडून आग काढायला लावायची आणि इंजिन बाद करायचं, असा बेत होता. पण नेमकं त्याच वेळी पाहुण्यांना हार घालायला व्यासपीठावरून त्यांचं नाव पुकारलं गेलं.

"दरवर्षी लोक माझ्या इंजिनाभोवती उभे राहायचे," ते म्हणाले. "या वर्षी मांडामांड सुरू झाल्यापासून सगळे त्याच्याभोवती, माझ्याकडे एकही जण आला नाही. तुम्हाला नाही कळायचं ते."

मला चांगलंच कळत होतं. काचेच्या दारातून बाहेर जबाब टाइप करणारी आमची उपनिरीक्षक दिसत होती.

दोषारोपपत्राआधी पुरवणी जबाब घ्यायला मी दवाखान्यात गेलो. फिटरच्या हाताला बँडेज होतं, दोन बोटं धड वळत नव्हती. त्याने आरोपीबद्दल काहीच विचारलं नाही. "साहेब, माझा बॉयलर तर फुटला नाही ना?" एवढंच विचारलं. मी नाही म्हणालो आणि चांदीच्या सांध्याबद्दल फोरमन काय बोलले तेही सांगितलं. "मला कधी बोलले नाहीत जी ते," तो म्हणाला. "एकदा बोलले असते, तर मी त्यांच्या घरी जाऊन शिकवलं असतं ना."

हेवा करणाऱ्याला समोरच्याचं काम किती चांगलं आहे ते सगळ्यांच्या आधी कळतं. तेवढं तोंडाने बोलून टाकलं असतं, तर तो हात वाचला असता. गुन्ह्यामागे लोभ आणि राग शोधायची आम्हाला सवय. हा तिसरा, हेवा, मी त्या दिवशी ओळखायला शिकलो, तोही आधी स्वतःत.

ठाण्यात परतलो. बक्षिसाच्या प्रस्तावाचा मसुदा टेबलावर होता. त्यात मी लिहिलं होतं, 'माझ्या मार्गदर्शनाखाली'. तो फाडला, नव्याने लिहिला, तपासाचं श्रेय तिच्या नावावर टाकलं आणि कागद तिच्या हातात दिला.

तिने तो उभ्याउभ्या वाचला.

"थँक यू, सर," ती म्हणाली. "फक्त माझं आडनाव चुकलंय."

ती तेव्हा दोन वर्षांपासून माझ्या ठाण्यात होती.