सकाळी दहाचे अंदाज

ऑक्टोबर आला की बेसबॉलवर मी कुणाशीही तासभर बोलू शकतो. ऐकणारा कंटाळून उठेपर्यंत बोलतो. पण या सगळ्या बोलण्यातून एक गोष्ट मी कित्येक वर्षं वगळत आलो. ती जिभेवर आली की मी चटकन एखाद्या पिचरच्या दुखऱ्या खांद्याकडे वळायचो. आता वय असं आहे की टाळायलाही फारसे दिवस उरलेले नाहीत, म्हणून लिहायला बसलो आहे. बसलो म्हणजे काय, एकदा उठून चहा केला, एकदा खिडकीपाशी जाऊन शेजाऱ्याने कचऱ्याची कोणती बिन बाहेर काढली आहे ते बघून आलो.

बेसबॉलचं वेड मला तरुणपणी लागलं. कंपनीने दोन वर्षं अमेरिकेत पाठवलं होतं, तिथे. नंतर इंग्लंडला आलो, लेस्टरमध्ये घर घेतलं, आणि इथे बेसबॉलचं नाव काढलं की लोक विचारायचे, ‘म्हणजे राउंडर्सच ना, शाळेत मुली खेळतात ते?’ आपली मंडळी तर क्रिकेटच्या पलीकडे बघायलाच तयार नसत. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मला एकच माणूस असा भेटला ज्याने बेसबॉलचे नियम मला दोनदा समजावून सांगायला लावले. मूळचा नागपूरचा, इथल्या शाळेत गणित शिकवणारा, माझ्याच वयाचा. आम्ही दोघं रिटायर झालो आणि ऑक्टोबर हा आमचा सण झाला.

अमेरिकेतले बहुतेक सामने इकडे मध्यरात्रीनंतर सुरू होतात. त्या वयात जागरणं झेपणारी नव्हती. म्हणून तो सामना रेकॉर्ड करायचा आणि सकाळी दहाला मी त्याच्या घरी जायचो. तोवर दोघांनी फोन बघायचा नाही, रेडिओ लावायचा नाही, हा करार. वहिनी, म्हणजे त्याची बायको, पोहे करायच्या. मग पडदे अर्धे ओढून आम्ही कालची रात्र आज बघायचो.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सहा महिने हे संघ जवळजवळ रोज खेळतात. त्यातले मोजके ऑक्टोबरात समोरासमोर येतात. सुरुवातीच्या मालिका तीन-पाच सामन्यांच्या, पुढच्या सातांच्या, आणि शेवटी अजिंक्यपदाची मालिका. उन्हाळाभर सगळ्यांच्या पुढे असलेला संघ एका वाईट आठवड्यात घरी जातो आणि शेवटच्या दिवशी कसाबसा आत शिरलेला संघ चषक उचलतो. माझ्या मित्राला याचा संताप यायचा.

“अरे, पाच सामन्यांवरून काय सिद्ध होतं? मी पोरांना एवढ्याशा सँपलवर उत्तर काढू दिलं नसतं!”

“मग बघतोस कशाला?”

“तू येतोस म्हणून. आणि पोहे होतात म्हणून.”

“पोहे रोजच होतात,” आतून वहिनी म्हणायच्या. “खायला माणसं ऑक्टोबरात जाग्यावर सापडतात.”

माझ्या मते ऑक्टोबरातला खरा प्रश्न एकच असतो, पिचरला कधी काढायचं. चेंडू टाकणारा हा माणूस एकदा बाहेर गेला की त्या दिवशी परत येऊ शकत नाही. तो थकला आहे का हे बाहेरून नीट दिसत नाही, आणि त्याला विचारलं तर तो ‘मी ठीक आहे’ असंच सांगणार. मॅनेजर बाकावरून उठतो, मैदानाच्या मधोमध चालत जातो आणि त्या तेवढ्या चालण्यात त्याला ठरवावं लागतं. मे महिन्यात चुकलं तर उद्या दुसरा सामना असतो. ऑक्टोबरात उद्या नसतो. हे मला खरंच कळायचं. निदान एके काळी कळायचं.

त्या सकाळी करार मी मोडला तो आधी चुकून. माझ्या मुलीचा लीड्सहून मेसेज आला होता, तो उघडताना वर स्कोअर चमकून गेला. निकाल दिसलाच आहे म्हटल्यावर मी पुढचंही वाचलं. कोणत्या इनिंगला कुणी होम रन, म्हणजे आपला षटकार, मारली, कुणाला उशिरा बदललं, सगळं. मित्राकडे गेल्यावर ‘मला कळलंय’ एवढंच सांगायचं होतं. ते सांगितलं नाही. नऊपैकी सातव्या इनिंगला मी खुर्चीत पुढे सरकलो आणि म्हणालो, “याला आत्ता काढायला हवं. पुढचा चेंडू स्टँडमध्ये जाणार.”

चेंडू स्टँडमध्ये गेला.

मित्राने बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं आयुष्यात माझ्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. शाळेत नाही, नोकरीत नाही, माझ्या बायकोनेही, ती असेपर्यंत, नाही. “तुला कसं कळलं रे?” त्याने विचारलं. “त्याच्या खांद्याकडे बघ,” मी म्हणालो. “खाली आलाय.”

त्यानंतर मी रोज सकाळी आधी वाचून जाऊ लागलो. मधूनच एखादा अंदाज मुद्दाम चुकवायचो, म्हणजे संशय नको. यात गंमत वाटत होती असं कुणाला वाटेल. तसं काही नव्हतं. मित्र दोन्ही मुठी आवळून बघायचा, उठायचा, बसायचा, स्क्रीनला नागपुरी शिव्या द्यायचा. मी मात्र ठरलेल्या बसची वाट बघावी तसा बसलेला. घडणार ते ठाऊक असलं की खेळ दिसत नाही, नुसती त्याची पावती दिसते. मी खेळ बघायचा सोडून त्याचा चेहरा बघायला लागलो होतो. आणि आत सतत एक चुळबुळ, आज पकडला जातो की काय याची.

त्याने माझी कीर्ती मंडळभर केली. दिवाळीच्या कार्यक्रमात लोकांना हाताला धरून माझ्यापुढे आणायचा. “याला विचार. याला माणूस बघून कळतं.” एकाने गृहकर्जाचे व्याजदर खाली येतील का असं विचारलं. मी हसून टाळलं, तर मित्र म्हणाला, “बघ, ठाऊक आहे पण सांगत नाही.”

वहिनींनी मला ओळखलं. त्या सामने बघत नसत, पण स्वयंपाकघराचं दार उघडं असायचं. काही सामने अमेरिकेत दुपारी असतात, म्हणजे इकडे रात्रीच्या जेवणाच्या सुमाराला लाइव्ह. तेव्हा मी फारसं बोलायचो नाही, बोललो तर गुळमुळीत. एकदा मला पोळी वाढताना त्या सहज म्हणाल्या, “भाऊजी, लाइव्ह मॅच असली की तुमचे अंदाज सुट्टीवर जातात का हो?”

मित्र आत हात धूत होता. त्या मला तूप वाढत म्हणाल्या, “जेवा. मी काही बोलणार नाहीये. ते किती खूश असतात सकाळी.”

आणि त्या बोलल्या नाहीत. वर्षानुवर्षं नाही. सकाळी पोह्यांची बशी देताना मात्र एखाद्या वेळी डोळे बारीक करून विचारायच्या, “मग, आज काय दिसतंय?” मीही हसायचो. मला वाटायचं, हे आमचं दोघांचं गुपित आहे, कुणाचं काही बिघडत नाही.

त्यांचा मुलगा दूर दक्षिणेला, बेसिंगस्टोकला एका सॉफ्टवेअर कंपनीत. त्याला मुलगी झाली, सून पुन्हा कामावर जाऊ लागली, आणि मुलाने विचारलं की लेस्टरचं घर विकून आमच्याजवळ येता का. त्याने एक घर पाहिलं होतं, खाली आईबाबांसाठी वेगळी खोली आणि बाथरूम असलेलं. वहिनींचं मन केव्हाच तिकडे गेलं होतं. त्या नातीसाठी स्वेटर विणत, आणि पोस्टाने पाठवताना म्हणत, “पोचेपर्यंत लहान होईल.” मित्राचं काही ठरत नव्हतं. त्याला बाग सोडवत नव्हती, मंडळ सोडवत नव्हतं.

एका दुपारी वहिनी बेलग्रेव्ह रोडवर भाजीच्या दुकानाबाहेर भेटल्या. पिशव्या मी घेतल्या आणि बसस्टॉपपर्यंत चाललो. तिथे त्या म्हणाल्या, “भाऊजी, ते माझं ऐकत नाहीत, मुलाचं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतात. तुम्ही नुसतं ‘जा’ म्हणा.”

“मी कोण सांगणारा, वहिनी?”

“ते मला नका विचारू. त्यांच्या नजरेत तुम्ही कोण आहात ते तुम्हीच ठरवलंय.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “मला नातीजवळ राहायचंय हो. ती मला स्क्रीनवर ओळखते आणि प्रत्यक्ष गेले की रडते. मी आजवर तुमच्याकडे काही मागितलं नाही.”

मी हो म्हणालो. बस आली, त्या चढल्या, काचेतून हात केला. हो म्हणालो तेव्हा मनापासून म्हणालो होतो.

पण घरी येऊन जे सुरू झालं ते थांबेना. या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या. बायको जाऊन तेव्हा बरेच दिवस झाले होते. मुलगी लीड्सला, तिच्या हॉस्पिटलच्या शिफ्टमध्ये. हे दोघं गेले तर सकाळी दहाला मी कुठे जाणार? ऑक्टोबर कुणाबरोबर काढणार? हा प्रश्न मी ‘मित्राच्या बागेचं काय होईल’, ‘मंडळाचं काय होईल’ अशा कपड्यांत गुंडाळून स्वतःला विचारत राहिलो.

अजिंक्यपदाच्या मालिकेचा सातवा सामना बघायच्या सकाळी मित्राने टीव्ही लावायच्या आधीच विषय काढला. “गुरुवारी एस्टेट एजंट यायचाय. मी म्हटलं, आधी याला विचारू. सांग बाबा, जाऊ का?”

वहिनी ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मॅनेजर बाकावरून उठावा तसं खुर्चीत सावरून बसलो आणि म्हणालो, “एक-दोन वर्षं थांब. एवढ्यात काढायची गरज नाही. पिचर अजून थकलेला नाही.”

मित्राचा चेहरा उजळला. त्याला हेच हवं होतं, आणि ते कुणीतरी जाणत्याने म्हणायला हवं होतं. “झालं तर मग,” तो म्हणाला. “एजंटला फोन करतो, येऊ नको म्हणून.”

वहिनींनी ट्रे टेबलावर ठेवला. माझी बशी माझ्यापुढे सरकवली. “भाऊजी,” त्या म्हणाल्या, “हेही सकाळी बघून आलात का?”

मित्र खो खो हसला. त्याला ती नेहमीची थट्टा वाटली. त्या सामन्याचा निकाल काय लागला ते मला आज आठवत नाही, आणि तो मी आधी वाचून गेलो होतो.

मुलाने पाहिलेलं ते घर दुसऱ्या कुणी घेतलं. मुलाने लहान फ्लॅट घेतला, जिथे पाहुण्यांनी हॉलमध्येच झोपायचं. वहिनी तरीही पोहे करत राहिल्या, मला पहिली बशी देत राहिल्या. ‘आज काय दिसतंय’ हे मात्र पुन्हा विचारलं नाही. मी आधी वाचून जाणं बंद केलं. माझे अंदाज साहजिकच चुकू लागले. मित्र म्हणायचा, “तुझं लक्ष नाही.” पुढच्या वर्षीचा ऑक्टोबर झाला, आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात वहिनी आजारी पडल्या. दुखणं झपाट्याने वाढलं. हॉस्पिटलमध्ये मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा खोलीत माणसं होती. असं मी म्हणतो. दुसऱ्या वेळी मित्र खाली पार्किंगचे पैसे भरायला गेला होता आणि आम्ही दोघंच होतो. मी खिडकीबाहेर बघत हवेबद्दल बोललो.

त्या गेल्यावर मित्र बेसिंगस्टोकला गेला. आता तिथे मुलाने मोठं घर घेतलं आहे. गेल्या ऑक्टोबरात मी चार दिवस राहायला गेलो. जाताना ट्रेनमध्ये सगळं ठरवून गेलो होतो. पहिलं वाक्य, दुसरं वाक्य.

सकाळी आम्ही रात्रीचा सामना लावला. मी काही वाचलं नव्हतं. बरोबरीत आठवी इनिंग, दोन माणसं बेसवर, म्हणजे धाव काढायला टपलेली, आणि मॅनेजर चालत निघाला. मित्राने माझा हात धरला. “सांग. काढेल का?”

“मला खरंच माहीत नाही.”

“म्हातारा झालास,” तो म्हणाला.

पुढचं मला काहीच ठाऊक नव्हतं, ना खेळातलं, ना मी आता जे बोलणार होतो त्यानंतरचं. ब्रेकमध्ये मी टीव्हीचा आवाज बंद केला. “ऐक,” म्हणालो. “वहिनींबद्दल बोलायचंय. तेव्हा तुला मी थांब म्हणालो ना...”

“बरं केलंस,” तो घाईने म्हणाला, जणू हे वाक्य त्याच्याकडे तयारच होतं. “तिलाही लेस्टर सोडायचं नव्हतं रे. बोलायची नाही, एवढंच. मला रात्री झोप लागते ती याच एका गोष्टीवर. तू तिच्या मनातलं ओळखलंस. तुला माणूस कळतो.”

तेवढ्यात त्याची नात शाळेचा युनिफॉर्म चढवून, एक मोजा हातात घेऊन आली. आमचं बोलणं तिने ऐकलं असावं. टेबलावरच्या फोटोकडे बोट करून ती मला म्हणाली, “आजी आमच्या घरी कधी राहिला नाही.”

“राहिली नाही,” मित्राने सुधारलं. “आजी राहिली नाही.”

“राहिली नाही,” ती म्हणाली आणि मोजा घालत बसली.

मी आवाज पुन्हा चालू केला. चार दिवसांत तो विषय पुन्हा काढला नाही. परतीच्या ट्रेनमध्ये डबा बदलून दोनदा जागा बदलली, तरी बसवेना.

मित्राची झोप मोडायचा मला काय अधिकार, असा विचार मी अजूनही करतो. पण तो ज्या गोष्टीवर झोपतो ती खोटी आहे, तिच्यात वहिनींची इच्छा पुसली गेली आहे, आणि ती पुसणारा मी आहे. हे छापून आलं तर तो वाचेल. त्याला काय वाटेल याचा अंदाज मला करता येत नाही. त्याची माफी मी त्याच्यासमोर मागेन, तो दार उघडेल तर. दुसरी माफी मात्र त्या दुपारी हॉस्पिटलच्या खोलीत मागायची होती, जेव्हा आम्ही दोघंच होतो आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. वहिनी, तुम्हाला जायचं होतं. तुम्ही मला सांगितलं होतं आणि मी हो म्हणालो होतो. मला एकटं पडायचं नव्हतं म्हणून मी तुम्हाला थांबवलं. माझं चुकलं.