तासलेली नळी

पंधरा पावलांवरच्या बिबट्यावरचा कुशाबाचा नेम दोनदा चुकला, तेव्हाच घाटघरला कळलं, काहीतरी बिनसलंय. याच बिबट्यानं आठ दिवसांपूर्वी त्याच्या बहिणीला, लंकाबाईला, नाचणीच्या खळ्यावरून ओढून नेलं होतं. गावात परवान्याचं हत्यार एकच, ते कुशाबाचं. त्याच्या बापानं एका साहेबाला सात वर्षं जंगल दाखवलं. साहेब विलायतेला जाताना आपली ठासणीची रायफल त्याला देऊन गेला.

ती घोंगडीत गुंडाळून कुशाबा जुन्नरला धर्माजी लोहाराकडे आला. धर्माजीनं तरुणपणी पुण्याच्या छावणीत बंदुका दुरुस्त केलेल्या. त्यानं गजाला चिंधी बांधून नळीत फिरवली. चिंधी विटकरी होऊन बाहेर आली.

"काय पाजतोस रं हिला?"

"खंडेनवमीला नारळाचं पाणी. बा व्हता तवापासनं रीत हाय."

"वरनं शिंपडता का पोटात वतता?"

"पोटात. झुंबर वतती."

"मंग बायकूनंच मारली म्हण की तुझी बंदूक!"

झुंबरबाईला कशाला बोल लावायचा? सासूनं शिकवलं तसं ती करत होती. आणि वीस वर्षं शेजारी हात जोडून कोण उभा होता? कुशाबाच ना!

नळीच्या आतले आटे, ज्यांनी गोळीला गिरकी मिळते आणि ती सरळ जाते, ते गंजानं पार खाल्ले होते. धर्माजीनं दोन वाटा सांगितल्या. एक, नवी नळी मुंबईहून मागवायची. पण परवान्यावरचा नंबर जुन्या नळीवर ठोकलेला. म्हणजे कचेरीत अर्ज, आणि हुकूम येईस्तोवर हत्यार तिथंच जमा. दुसरी, हीच नळी आतून तासून गुळगुळीत करायची, जरा मोठी गोळी घालायची.

"नवी कदी मिळंल, धर्मादादा?"

"शिमगा उजाडंल."

"आन् तासून?"

"चार दिवसांत. पर नळीचं अंग पातळ व्हईल, जादा दारू सोसायची न्हाई. मी तुझ्या जागी असतो तर थांबलो असतो."

"तुझ्या जागी मी असतो तर मीबी थांबलो असतो," कुशाबा म्हणाला. "जुन्नरात बसून थांबाया काय जातंय?"

धर्माजीला राग आला नाही. त्यानं नळी तासली, आणि दारू मोजायला बांबूच्या पेराचं इवलंसं माप करून दिलं. "ह्याच्या वर कणबी न्हाई. बापाचं शिंग चुलीत घाल."

बापाचं शिंग म्हणजे सांबराच्या शिंगाच्या टोकाचं जुनं माप, नव्याच्या दुप्पट. ते चुलीत घालणं कुशाबाच्यानं झालं नाही. ते गळ्यात असल्याशिवाय त्याच्या घरचं कोणी शिकारीला निघालेलं नव्हतं. नवं माप त्यानं कमरेला खोचलं आणि शिंग गळ्यात अडकवलं. नुसतं अडकवायचंय, भरायचं थोडंच आहे, असं तो झुंबरबाईला म्हणाला. माणसं स्वतःला फसवतात ती अशीच, मोठ्यानं बोलून.

बंदूक घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी उन्हं कलताना बिबट्या ओढ्यात दिसला. कुशाबानं बांबूच्या मापानं दारू भरली, ठासली, बार काढला. बिबट्या कोसळला. शेजारचा बहिरू कुऱ्हाड घेऊन ओरडत धावला, आणि मेलेला बिबट्या उठून त्याच्याकडे वळला.

आता घाई होती. घाईत माणूस डोक्यानं वागत नाही, हातानं वागतो, आणि तीस वर्षं कुशाबाचा हात गळ्याकडेच गेलेला. शिंग भरलं, ओतलं, गोळी ठासली, चाप ओढला.

नळी मधोमध फाटली. डाव्या हाताची चार बोटं गेली, डावा डोळा गेला. बिबट्या बहिरूच्या कुऱ्हाडीनं मेला. बहिरू पाच दिवसांनी जखमा चिघळून मेला.

धर्माजी डोंगर चढून भेटायला आला. त्यानं फाटलेली नळी पाहिली, कुशाबाच्या गळ्यातलं शिंग पाहिलं, आणि पाणी मागितलं.

"नवी नळी घातली असती तर?" कुशाबानंच विचारलं.

"तर ती शिंगालाबी पुरून उरली असती. पर शिमग्यापस्तोर बिबट्यानं कुणाकुणाला नेलं असतं, ते मला इचारू नगंस."

पुढल्या खंडेनवमीला झुंबरबाईनं फाटकी नळी पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि करवंटी हातात धरून तशीच उभी राहिली.

"वत की," उरल्या डोळ्यानं तिच्याकडे बघत कुशाबा म्हणाला. "आता काय गंजायचं ऱ्हायलंय?"

तिनं पाणी अंगणात नेऊन ओतलं.