ढेकर अडकलेली गाडी

आमच्या गाडीला ढेकर देता आला नाही, म्हणून पाली गावातली एक गल्ली अर्धा तास बंद पडली होती.

गाडी माझी. हे आधीच सांगते, कारण कोणाचा विश्वासच बसत नाही! लाल, छोटी, चौदा वर्षांची. पण तिला मी टर्बो बसवून घेतलाय. घोडबंदरच्या चढाला भल्याभल्या गाड्या मागे पडतात. आमच्या ह्यांना गाडीतलं फक्त रेडिओचं बटण ओळखता येतं.

तर टर्बोमुळे इंजिनाच्या पोटात तेलकट वाफेचा दाब साठतो. ती वाफ बाहेर काढायला एक नळी लागते, आणि वाफेतलं तेल अडवायला एक डबा. डब्याच्या डोक्यावर लिंबाएवढा फिल्टर, त्यातून वाफ बाहेर. ह्या सगळ्याला म्हणतात ब्रीदर. हे सगळं सासूबाईंना समजावून सांगितलं, तर म्हणाल्या, "म्हणजे गॅसेस! चिमूटभर ओवा टाकून बघ."

रविवारी सकाळी इंद्रलोकमधल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकलेली, दातांत पाना. हे शेजारी टॉर्च धरून. (उलटा!) तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे जयेशभाई आले आणि सरळ ह्यांना म्हणाले, "हेमंतभाई, आज क्या काम निकाला?"

"ब्रीदर बसवतेय," मी आतूनच ओरडले.

"अच्छा!" जयेशभाई पुन्हा ह्यांनाच. "पाइप कौनसा डाला?"

हे खूप विचार करून म्हणाले, "काला."

"बढिया!"

मग वॉचमन आला. "साहेब, गाडी बिघडली का?" अरे! कोपरापर्यंत ग्रीस माझ्या हाताला, पाना माझ्या तोंडात, आणि प्रश्न सगळे साहेबांना! मी इतकी तापले की शेवटचा क्लॅम्प नुसत्या रागाच्या जोरावर आवळला.

दुपारी ह्यांच्या ऑफिसातल्या मित्राकडे पालीला जेवायला जायचं होतं. "आता बघाच गाडी कशी पळते!" मी म्हटलं, आणि उत्तनच्या रस्त्याला लागल्यावर ॲक्सिलरेटर दाबला. पळाली हो, सुरेख पळाली! पण जरा वेळाने सासूबाई मागच्या सीटवरून म्हणाल्या, "वर्षा, काहीतरी करपतंय."

"बाहेरचा वास आहे, आई."

पालीच्या गल्लीत शिरलो, जिथे दोन स्कूटर समोरासमोर आल्या तरी एकीला माघार घ्यावी लागते. आणि तिथेच, फट्ट! बॉनेटखालून पांढरा धूर. उघडून बघते तर तेल मोजायची पट्टी जागेवरून उडालेली, आणि तिथून उसळलेलं तेल गरम सायलेन्सरच्या पाइपावर चुरचुरतंय!

मागे सात स्कूटर, साती हॉर्न चालू. एक मावशी घरातून टब घेऊन धावत आल्या. "बाजूला व्हा, गाडीला आग लागली हाय!"

"मावशी, आग नाही, धूर आहे! पाणी नको, पाणी न..."

ओतलं! आणि ते नुसतं पाणी नव्हतं, त्यात नुकतेच बोंबील धुतले होते. वाफेचा लोट उठला. सासूबाईंनी काच खाली करून हुंगलं आणि म्हणाल्या, "पोचलो वाटतं. तळायला घेतलेत."

आता माझा तोल गेला. डबा विकणाऱ्याला, नळी कापून देणाऱ्याला, क्लॅम्प बनवणाऱ्याला, सगळ्यांना मी भर गल्लीत नाव न घेता झोडपलं. "एक वस्तू धड देतील तर शपथ! बाई दिसली की माल खपवतात!"

होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारे एक म्हातारे काका गर्दीतून पुढे आले. आले ते थेट ह्यांच्याकडे. "पावनं, काय झालाय?"

"काका, मी सांगते ना!"

"बाय, तू जरा सावलीत बस."

सावलीत! मी तोंड उघडणार, इतक्यात आमच्या ह्यांनी इंजिनाकडे बोट दाखवत अगदी हळूच विचारलं, "अगं, हे प्लास्टिक काढायचं असतं का?"

मी बघितलं. काकांनी बघितलं. सात स्कूटरवाल्यांनी उतरून बघितलं.

नव्या कोऱ्या फिल्टरवर प्लास्टिकची पिशवी होती, वर रबर बँडचे तीन वेढे. वेढे माझेच. पार्किंगमध्ये धूळ फार, नवी वस्तू खराब होऊ नये म्हणून मीच ती पिशवी काढली नव्हती. (आमच्या सोफ्याचंही प्लास्टिक मी अजून कोणाला काढू दिलेलं नाही.)

काकांनी पिशवी ओढून काढली, ती डोक्यावर धरून सगळ्या गल्लीला दाखवली आणि खोकला येईपर्यंत हसले. "नाकातोंडाला पिशवी बांधलीस तर इंजन जगंल काय?" मग डोळे पुसत, त्या दिवसात पहिल्यांदाच कोणीतरी थेट माझ्याकडे वळून विचारलं, "बाय, ह्या काम कोनी केलाय?"

मी ग्रीसचे हात ओढणीखाली घेतले आणि ठणकावून सांगितलं, "ह्यांनी!"