खेरडीच्या घरात बॅग कुठे ठेवायची

माझे मार्क कापले गेले ते बॅग कुठे ठेवली यावरून. सुई चुकली नाही, हात धुवायचे राहिले नाहीत, पेशंटशी बोलण्यात काही कमी पडलं नाही. फक्त बॅग. हे सांगताना अजूनही माझा आवाज चढतो आणि घरातले म्हणतात, "झालं सुरू." होऊ दे सुरू.

मी धुळ्याकडची. नर्सिंगचा डिप्लोमा करून ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सिल्वासाच्या सरकारी दवाखान्यात लागले. नवरा आमलीच्या सूतगिरणीत मशीनवर. तेव्हा आमलीत दुकानं मोजकीच होती. संध्याकाळी भोंगा झाला की रस्ता सायकलींनी भरायचा आणि भाजीवाल्या गुजराती, हिंदी, मराठी एकाच वाक्यात वापरून भाव सांगायच्या. त्यांच्याशी घासाघीस करून करूनच मला सगळ्या भाषा आल्या. आम्ही टोकरखाड्याला राहायचो. समोरच्या क्वार्टरमध्ये कोकणातले मास्तर, शेजारी नाशिककडचं कुटुंब. गच्चीवर पापड वाळत घातले की कोणाचे कोणते ते ओळखू यायचे नाहीत. त्यावरूनही मी भांडलेली आहे.

नव्वदनंतर नोकरी सांभाळून करायचा नर्सिंगचा पदवी अभ्यासक्रम निघाला. त्याच सुमारास आमच्याकडे घरोघरी जाऊन काम करणाऱ्या नर्सेसवर एक इन्चार्ज नेमायचं ठरलं. पद एकच. पदवी हवी, आणि अर्ज जास्त आले तर मार्कांवर. ते पद मला हवं होतं. वॉर्डात डॉक्टरांच्या मागे ट्रे घेऊन फिरण्याचा मला कंटाळा आला होता. तिथे, गावात, मी सांगेन ते चाललं असतं.

मुंबईला वर्गांना जायचं तर रजा हवी. मी मेट्रनकडे गेले. त्या रत्नागिरीच्या, कडक.

"दिवाळीची नाईट मी करते, होळीची करते, गणपतीचीही करते. बदल्यात वर्गांना सोडा."

"अगो, तू रजा मागायला आलीयेस की वांगी घ्यायला?"

"भाव केल्याशिवाय दोन्ही मिळत नाही, मॅडम."

त्या हसल्या नाहीत, पण सही केली. नवऱ्याला सांगितलं तर तो आमच्या अहिराणीत म्हणाला, "तू ते यमसंगे बी भाव करशी!"

ते दिवस मला फार आवडतात. पहिल्या पाळीहून आला की तो चहा करायचा आणि पुस्तक हातात घेऊन मला प्रश्न विचारायचा. इंग्रजी शब्द असे वाचायचा की मला हसू आवरायचं नाही, आणि मग तोच शब्द परीक्षेत बरोबर आठवायचा. पोळ्या लाटता लाटता मी गरोदर बाईची तपासणी तोंडपाठ म्हणायचे. शेजारची बाई खिडकीतून ओरडायची, "सिस्टर, पोळी करपतेय, पेशंट सोडा!"

दुसऱ्या वर्षी प्रात्यक्षिकासाठी एक कुटुंब घ्यायचं होतं. काही महिने त्यांच्या घरी जायचं, सगळ्यांची तब्येत पाहायची, आणि शेवटी परीक्षक येऊन ती घरभेट बघणार. मला खेरडी गावातलं एक वारली घर मिळालं. कुडाच्या भिंती, पुढे पडवी. घरात म्हातारी, तिचा मुलगा आणि गरोदर सून. सुनेची नखं पांढरीफटक. आधीच्या बाळंतपणात घरीच खूप रक्त गेलं होतं. हिला दवाखान्यात बाळंत करायचं, हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं.

घरभेटीच्या बॅगेची एक शिस्त असते. घरात गेलं की आधी वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर बॅग ठेवायची, मग हात धुवायचे, मगच बॅग उघडायची. एका घरातले जंतू दुसऱ्या घरात जाऊ नयेत म्हणून. वर्गात आम्ही हे इतक्या वेळा केलं होतं की कागद आपोआप पसरला जायचा. खेरडीलाही पसरला. म्हातारी कागदाकडे बघत राहिली. पाणीही दिलं नाही.

पुढच्या वेळी गेले तर सून घरात नाही. त्याच्या पुढच्या वेळीही नाही. मी पडवीतच ठाण मांडलं आणि आवाज चढवला, "मावशी, मी एवढी उन्हातून येते ती गंमत म्हणून? सुनेला कुठे पाठवता?"

म्हातारीचा आवाज माझ्याहून मोठा निघाला. "माझा घर घाण हाय का गं बाय? तू येणार म्हणून सकाळीच सारवला. त्यावर तू कागद टाकलास! आम्ही तिथंच बसून जेवतो."

मी जंतूंबद्दल सांगून पाहिलं. म्हणजे घर घाणच, असा त्याचा अर्थ तिने काढला. मग मी विचारलं, "बॅग जमिनीवर न ठेवता कुठे ठेवू, तुम्हीच सांगा." तिने भिंतीवरचं सूप काढलं, पदराने पुसलं आणि पुढे केलं. मी म्हटलं, "सुपात माझा कागद, कागदावर बॅग. जमिनीला काही लागणार नाही." ती म्हणाली, "सुपात कायपण ठेव. सूप माझा धुता येतो."

त्या दिवसापासून सून घरी सापडायला लागली. रक्तवाढीच्या गोळ्या खायला लागली. तांदूळ पाखडता पाखडता म्हातारीने एकदा शब्दही दिला, की बाळंतपणाला तुझ्या दवाखान्यात आणीन.

परीक्षेला मुंबईहून परीक्षक बाई आल्या. कडक इस्त्रीची साडी, हातात पेन. आम्ही पडवीतून आत गेलो. म्हातारीने मोठ्या मानाने सूप आणून ठेवलं. मी कागद घातला, बॅग ठेवली.

"सिस्टर, हे काय?"

मी कारण सांगितलं.

"सूप कुठल्या पुस्तकात आहे? सपाट जमीन, त्यावर पेपर, त्यावर बॅग. परीक्षेत घरच्यांची मर्जी विचारत नाहीत."

"मग परीक्षा घरात कशाला घेता, मॅडम? वॉर्डातच घ्या ना!"

त्यांचं पेन थांबलं. मग त्या जरा नरमाईने म्हणाल्या, "पुन्हा मांडा. पहिलं मी पाहिलं नाही असं समजते."

सौदा समोर होता, आणि वाईट नव्हता. खाली एक कागद पसरायचा, एवढंच. पण पलीकडे सून पोट धरून बसली होती, दिवस भरत आलेली. म्हातारीला आमचं बोलणं कळत होतं आणि ती माझ्या हाताकडे बघत होती. हात खाली गेला असता तर तिचा शब्दही गेला असता. मी म्हटलं, "मांडलंय ते बरोबर आहे. पुढे करू का?"

पुढचं सगळं मी चोख केलं. बाई लिहीत गेल्या.

सून बैलगाडीतून दवाखान्यात आली, मुलगी झाली, दोघी सुखरूप. वॉर्डातल्या फिनाइलच्या वासावरून म्हातारीने आयाशी भांडण काढलं आणि मला मध्ये पडावं लागलं.

निकाल लागला. मी पास झाले, पण प्रात्यक्षिकाने मला खाली खेचलं. पद दमणच्या एका नर्सला गेलं, वयाने माझ्याहून लहान. मेट्रननी बोलावलं.

"मार्कांवर गेलं गो. माझ्या हातात नव्हतं."

"तुमच्या हातात काय आहे ते सांगा, तेवढंच मागते."

मी खेरडीकडच्या घरभेटींचा राऊंड मागितला, आणि वॉर्डात माणूस कमी पडलं म्हणून तो मोडायचा नाही ही अट घातली. मेट्रन म्हणाल्या, नव्या इन्चार्जला विचार.

ती स्वतःच वॉर्डात आली. "सिस्टर, खेरडीची घरं तुम्हाला ओळखतात म्हणे. माझ्याबरोबर याल?"

"येईन. राऊंड माझ्या नावावर कायमचा लावा. आणि घरात शिरताना पुढे मी."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर जीप घेऊन जा. कोणी घरात सापडलं तर मला कळवा."

ती खळखळून हसली. "बरं बाई, पुढे तुम्ही. उद्या निघू?"

तिने माझं काही वाईट केलं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी पहिल्या दिवशी मी तिला जवळची वाट सोडून शेतांच्या बांधाबांधाने, लांबून नेलं.