तो आवाज अप्पांचाच होता

मोबाइलवर ‘माकणी अप्पा’ अशी अक्षरं उमटली आणि मी तो पालथा ठेवला. कित्येक महिने हे असंच चाललं होतं. त्यांना काय विचारायचंय ते मला ठाऊक असायचं, म्हणून याही वेळी फोन वाजू दिला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा उचलला, तर पलीकडं अप्पांच्या पत्नी, काकू. “सर, अप्पा गेले वो... सकाळी दुकान उघडता उघडताच खाली बसले.” पुढं त्या काय बोलल्या ते आठवत नाही. मी ज्यांना टाळत होतो ते फोनवर नव्हतेच, ही गोष्ट महिना उलटला तरी डोक्यातून जात नाही.

विश्वनाथअप्पांचं माकणीत कापडाचं दुकान. काही वर्षांपूर्वी टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत ते शेवटच्या प्रश्नापर्यंत जिंकून आले, तेव्हा अख्खं गाव वेशीवर गेलं होतं. पर्याय चुकीचा वाटला की टाळूला जीभ लावून ‘च्च’ करायची त्यांची खोड. आपल्याकडं ‘च्च’ म्हणजे नाही, हे काय सांगायचं! विचारलं तर म्हणाले, “चाळीस वरसं बायास्नी लुगडी दावली, सर. घडी मोडली की ‘च्च’, दुसरी मोडली की ‘च्च’. त्यांचंच लागलंय मला.” शेवटच्या प्रश्नालाही तीन पर्यायांना त्यांनी ‘च्च’ केलं आणि चौथा धरला.

मी शाळामास्तर, हौशी मंडळींसाठी नाटकं लिहितो. अप्पांवर लिहायला बसलो, पण सरळपणे जिंकलेल्या माणसाचं नाटक काही उभं राहीना. मग मी शहाणपणा केला. शेवटच्या प्रश्नाला रंगमंचावर अंधार, आणि ‘च्च’ येतो तो प्रेक्षकांच्या मागून. नायकानं केला की कुणी त्याला सुचवलं, कळूच नये. समीक्षकांनी नेमका तोच प्रसंग डोक्यावर घेतला. एका नावाजलेल्या समीक्षकानं तर लिहिलं की, हा संशय हेच नाटकाचं मोठेपण. मी हुरळलो आणि कात्रण घेऊन माकणी गाठली. अप्पांनी ते मोठ्यानं वाचायला लावलं. ऐकून घेतलं आणि विचारलं, “संशय? कुणावर वो?”

“नाटकातला आहे, अप्पा.”

“पर मानूस तर मीच न्हवं का त्यो?”

मी विषय बदलला. पण नाटक पाहून आलेल्यांनी दुकानासमोरच्या हाटेलात थट्टा सुरू केली होती, “अप्पा, अंधारात कोन बसलं व्हतं?” आधी तेही हसायचे. मग हसणं थांबलं. पुढच्या खेपेला गेलो तर पाहिलं, ‘च्च’ ओठांवर आला की अप्पा तोंडावर टॉवेल धरत होते. स्वतःच्या दुकानात, साठी उलटलेला माणूस... मला तिथं बसवेना. निघताना हात धरून म्हणाले, “सर, तेवढं बदलताव न्हवं?” पुढच्या प्रयोगाला नक्की, असं मी म्हणालो. फोनवरही तेच म्हणत राहिलो. मधे दोन प्रयोग झाले, अंधार तसाच राहिला. खोटं कशाला बोलू, मला ती वाहवा सोडवत नव्हती.

ते गेल्यावर तो प्रसंग मी बदलला. गेल्या आठवड्यात सोलापूरला भरउजेडात नटानं स्वतः ‘च्च’ केलं, तीनदा, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं. तोच समीक्षक आला होता. त्यानं लिहिलं की, लेखकानं स्वतःच्या हातानं नाटक घालवलं. आवाज नायकाचाच, हे इतकं उघड झालं की संशयाला जागाच उरली नाही.

ते कात्रण घेऊन परवा माकणीला गेलो. अप्पांच्या गादीवर काकू बसल्या होत्या, कुणीतरी पाहून टाकलेल्या साडीची घडी घालत.

“चांगलं लिवलंय का?”

“नाही, काकू. नावं ठेवलीत.”

“आन् आवाजाचं?”

“अप्पांचाच होता, असं लिहिलंय.”

काकूंनी साडी बाजूला ठेवली. उठून दुकानाचं अर्धं लावलेलं दार सताड उघडलं.

“मंग मोठ्यानं वाचा,” त्या म्हणाल्या. “हाटेलात ऐकू गेलं पायजे.”